बाग आडवी झाली तेव्हा मी कुणाचं दार ठोठावलं

तापीकाठची

नमस्कार मंडळी. वाचक म्हणून इथे बरीच वर्षं आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव रावेर तालुक्यातलं. घर, पोरांची शाळा, दवाखाना, सगळं केळीवर. गेल्या वर्षी मे संपता संपता दुपारी चारच्या सुमारास वादळ आलं. वीस मिनिटं, जास्त नाही. साडेतीन हजार खोडांची आमची मृगबाग, म्हणजे मृगात लावलेली केळी. घड भरत आले होते, व्यापारी बघून गेला होता, पंधरा दिवसांत कापणी लागणार होती. केळीचं खोड म्हणजे काही लाकूड नव्हे. पानांच्या देठांचीच एकावर एक गुंडाळी, आत सगळं पाणी. वर घडाचं ओझं आणि आडवा वारा, की कमरेतून मोडतं. पाऊस उघडल्यावर मी शेतात गेले तर समोर पलीकडच्या बांधावरचं निंबाचं झाड दिसलं. सात-आठ महिने ते झाड आमच्या बाजूने दिसलं नव्हतं, मधे बाग होती. ते निंब बघून मला कळलं काय झालंय ते.

हे बांधावर उकिडवे बसले होते. सदऱ्यावर चीक सांडलेला. केळीचा चीक कपड्यातून जात नाही, काळा पडतो. तो सदरा अजून घरात आहे, मी टाकू दिलेला नाही.

पंचनामा झाला. सोसायटीचं पीककर्ज होतं, ठिबकच्या नळ्यांचे हप्ते होते, खताच्या दुकानाची उधारी होती. सगळं मिळून सव्वातीन लाख. पोरांना काही सांगितलं नाही. आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अर्धंच सांगितलं. त्यांना बीपी आहे.

आता जे लिहिते ते लिहायला मला आठ दिवस लागले.

हे रात्री मागच्या खोलीत जाऊन आतून कडी लावू लागले. मला वाटायचं, झोप नाही म्हणून मोबाईल बघत असतील. ते पत्ते खेळत होते, पैसे लावून. पहिल्या आठवड्यात चार हजार आले म्हणे. पुढचं तुम्ही समजून घ्या. मला यातलं काही माहीत नव्हतं, कारण मी वेगळ्याच वाटेला लागले होते. ओळखीच्या एका बाईने मला एका महाराजांकडे नेलं. त्यांनी माझी पूर्ण गोष्ट ऐकलीसुद्धा नाही. म्हणाले, शेतात दोष आहे, केलेलं आहे कुणीतरी. कोणी? तर दक्षिणेकडचा, तुमच्याच रक्ताचा. आमच्या दक्षिणेला दिरांचं शेत. शांती करावी लागेल, एकवीस हजार. मी मंगळपोत गहाण ठेवली आणि बाजारातून खोटी आणून गळ्यात घातली.

खरं सांगते, त्या दिवशी मला फार हलकं वाटलं. परत येताना एसटीत झोप लागली, कित्येक दिवसांनी पहिल्यांदा. हे मुद्दाम लिहिते. अशा दिलाशाने बरं वाटत नाही असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. लगेच वाटतं. म्हणूनच माणूस पुन्हा जातो. मीही दोनदा गेले.

दिरांशी मी बोलणं टाकलं. जाऊबाई उडदाचे पापड घेऊन आल्या तेव्हा घरात असून दार उघडलं नाही. त्या ओट्यावर डबा ठेवून गेल्या.

आषाढात गावातली बरीच माणसं पंढरपूरला गेलेली. मागे राहिलेल्या बायका विठ्ठल मंदिरात रोज संध्याकाळी हरिपाठ करायच्या. मी तिथे भक्तीने गेले असं म्हणणार नाही. घरात बसवत नव्हतं म्हणून गेले. सगळ्यांत मागे, खांबाला टेकून. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मधेच रडू फुटलं आणि थांबेचना. शेजारी एक म्हाताऱ्या आजी बसायच्या, त्यांनी टाळ थांबवला नाही. हरिपाठ पूर्ण झाला, मग माझ्या हातावर साखर ठेवली आणि म्हणाल्या, "देवाले सारं ठावं हाये माय. घरातल्याले सांग."

एवढंच. काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही.

मी समोर बघितलं. विटेवर उभा आहे, कमरेवर हात. त्याच्यापुढे मला काही लपवायचं नव्हतं. लपवण्यासारखं उरलंच नव्हतं, त्याला माहीतच होतं सगळं. त्या रात्री मी मागच्या खोलीचं दार ठोठावलं. आत गेले, गळ्यातली पोत काढून ह्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, ही खोटी आहे. ते बराच वेळ पोतीकडे बघत राहिले. मग मोबाईल जमिनीवरून माझ्याकडे सरकवला. एक लाख चाळीस हजार.

सकाळी आबांना सगळं सांगितलं. ते गप्प बसले, पाणी मागितलं, आणि म्हणाले, "त्याला बोलाव." म्हणजे दिरांना. मला जमीन दुभंगावी असं झालं. भाऊजी आले, खाली बसले, ऐकलं. त्याच वादळात त्यांचीही दोन हजार खोडं पडली होती. दोन महिने मी त्यांना दोष देत होते आणि ही गोष्ट माझ्या मनात एकदाही आली नव्हती.

महाराजांनी मला खात्री विकली होती. विठोबाने कसलीच खात्री दिली नाही. बाग उठेल, कर्ज फिटेल, असं काही त्याने सांगितलं नाही. पण त्याच्यापुढे बसल्यावर मला खरं बोलायचं बळ आलं. देवावर भार टाकणं म्हणजे हेच का? की माझं काही चुकतंय? तुम्ही तुमच्या वाईट दिवसांत कुणाच्या दारात गेलात ते लिहाल का?

---

एरंडोलकर

ताई, वाचून गळा दाटला. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आमचा कापूस गेला तेव्हा माझ्या वडिलांनी बाटली जवळ केली. कापूस पुढच्या वर्षी पुन्हा पिकला, बाटली सुटायला पाच वर्षं लागली. तुम्ही दोन महिन्यांत दार ठोठावलंत. आमच्या आईने ठोठावलं नाही, आम्हीही नाही. घरात सगळ्यांना माहीत आणि सगळे गप्प.

सध्या एवढंच. पुन्हा येतो.

---

पांझराकाठ

ताई, मी धुळ्यात परिचारिका आहे. तुमच्या अनुभवाला एक दुसरी बाजू जोडते, कारण मला ती रोज दिसते.

माझ्या सख्ख्या मामांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता. तंबाखू पस्तीस वर्षांची. मी बघितलं तेव्हाच म्हटलं, तपासून घ्या. मामा म्हणाले, देव बघेल. मामा खरोखर देवभोळे होते, रोज एकवीरा देवीला जाणारे. सात महिने देव बघेल, देव बघेल. मी हट्टाने नेलं तेव्हा तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं. मुंबईला शस्त्रक्रिया झाली, जबड्याचा एक भाग काढला. मामा आज आहेत, पण पातळ वरणावर.

दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी पाटीवर लिहून मला सांगितलं (बोलता येत नव्हतं) की मी देवाला घाबरत नव्हतो, तपासणीला घाबरत होतो आणि देवाच्या नावामागे लपलो होतो. ती पाटी पुसायच्या आधी मी फोटो काढून ठेवला आहे.

म्हणून मला वाटतं, खोटा दिलासा फक्त बुवा, बाटली आणि मोबाईलमध्ये नसतो. "देव बघेल" हे वाक्यसुद्धा खोटा दिलासा होऊ शकतं. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री मामी मात्र देवीचं नाव घेत बसली होती, तो खरा भरवसा होता. कारण संमतीच्या कागदावर सही तिने केली होती. डॉक्टरांनी सगळे धोके वाचून दाखवले, तिने ते ऐकले, आणि मग सही केली. हात थरथरत होता, तरी ओळीवरच केली.

---

चांगदेव फाटा

ताई, तुम्ही तापीकाठच्या आणि मी पूर्णेकाठचा. जिथे दोन्ही नद्या मिळतात तिथे चांगदेवाचं जुनं दगडी मंदिर आहे, मुक्ताईनगर तालुक्यात. लहानपणापासून तिथे जातो. तुमचं वाचल्यावर त्या मंदिराकडे मी नव्याने बघितलं.

कथा सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो. चांगदेव हे चौदाशे वर्षं जगलेले योगी, असं परंपरा सांगते. सगळ्या सिद्धी वश. मरण जवळ आलं की ते चुकवायचं, हीच त्यांची विद्या. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून त्यांनी पत्र पाठवायचं ठरवलं, पण मायना काय लिहावा कळेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार? शेवटी कागद कोराच पाठवला. तो बघून मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं जगूनही हा कोराच राहिला. त्याच कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. पुढे चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटीला आले, आणि समोरून ही चार भावंडं भिंतीवर बसून आली. मग त्या वृद्ध योग्याने त्या लहान मुलीला गुरू केलं.

आमच्याकडे कीर्तनात भिंत चालली यावर रंग चढतो. मला आता वाटतं, गोष्टीचं मर्म त्या कोऱ्या कागदात आहे. माणसाकडे आयुष्य लांबवायची, संकट टाळायची सगळी साधनं आहेत, आणि एका मुलीला काय लिहावं ते कळत नाही. तुमच्या त्या महाराजांना दक्षिण दिशा कळली, तुमचं दुखणं विचारावंसं वाटलं नाही. आणि आजींनी काहीच विचारलं नाही, तरी नेमकं सांगितलं.

आणखी एक. मुक्ताई तापीकाठी गुप्त झाली ती विजेच्या कडकडाटात, शके १२१९, म्हणजे १२९७ साली. आपल्या भागातलं सगळ्यांत मोठं देवस्थान उभं आहे ते एका वादळाच्या जागी. मुक्ताईची पालखी दर ज्येष्ठात इथून निघते आणि जवळजवळ महिनाभर चालून पंढरपूरला पोचते. ज्या दिवसांत केळीच्या बागा पडतात त्याच दिवसांत पालखी निघते. बाग पडलेली माणसंही त्यात असतात. मी त्यांना चालताना बघितलंय. ती काही मागायला निघालेली नसतात.

---

माती आणि माणूस

धागा मनापासूनचा आहे, म्हणून मनापासूनच लिहितो. माझा देवावर विश्वास नाही.

ताई, तुम्हाला सावरलं कुणी? आजींनी, तुमच्या मिस्टरांनी, सासऱ्यांनी, दिरांनी. माणसांनी. त्याचं श्रेय विठ्ठलाला का द्यायचं? ज्या मनाने विठ्ठलापुढे हात जोडले, तेच मन महाराजांपुढेही जोडून आलं होतं. मला भीती वाटते ती याची, की हात जोडायची सवय लागली की समोर कोण आहे हे बघणं सुटतं.

आणि एक माहिती. तुमच्यासारख्या गोष्टींसाठीच आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झुंज दिली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच हजार ते पन्नास हजार दंड. करणी केली म्हणून भावाभावांत आग लावणाऱ्या माणसाविरुद्ध तुम्ही पोलीस ठाण्यात जावं असं मला वाटतं. तुम्ही गेलात का?

---

तापीकाठची

दादा, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. तक्रार केलेली नाही. जी बाई मला घेऊन गेली ती स्वतः गेली पाच वर्षं तिथे जाते, तिचा मुलगा आजारी आहे. पोलीस आधी तिच्या दारात येतील असं मनात येतं. हे कारण पुरेसं नाही हे मला कळतं. भाऊजींचं म्हणणं तुमच्यासारखंच आहे. आम्ही बोलतो आहोत.

श्रेयाबद्दल. सावरलं माणसांनीच, शंभर टक्के खरं. पण ती सगळी माणसं दोन महिने माझ्या आजूबाजूला होती. सासरे एका भिंतीपलीकडे, दीर एका बांधापलीकडे. मी त्यांच्याकडे जाऊ शकत नव्हते कारण मला त्यांच्यापुढे चांगली सून दिसायचं होतं. विठोबापुढे मला काहीच दिसायचं नव्हतं. बाई म्हणून, सून म्हणून, आई म्हणून मी कशी आहे याचा जिथे हिशेब होत नाही अशी माझ्या आयुष्यात ती एकच जागा आहे. तिथे एकदा खरी झाले, मग घरी खरं होता आलं. तुम्ही याला मन म्हणाल. मी देव म्हणते. तुमच्याशी वाद घालायला माझ्याकडे शब्द नाहीत, पण मला तो तिथे भेटला हे मी नाकारू शकत नाही.

आणि हात जोडायच्या सवयीचं तुम्ही म्हणता ते मनाला लागलं. फरक मला आता असा दिसतो. महाराजांकडून मी निघाले तेव्हा माझ्या ओंजळीत एका माणसाविषयीचा राग होता. मंदिरातून निघाले तेव्हा साखर होती.

पांझराकाठ ताई, मामांची पाटी मी ह्यांना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, उठून बाहेर गेले, आणि आल्यावर म्हणाले, परत वाच.

---

नवापूरचा

मी ख्रिस्ती आहे, आदिवासी, नवापूर तालुक्यातला. इथे लिहू की नको असा विचार केला, पण ताईंनी विचारलंय कुणाच्या दारात गेलात, तर सांगतो.

माझे वडील दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जायचे. मुकादमाची उचल आधी घ्यायची, मग ती फिटेपर्यंत राबायचं. एका वर्षी उचल फिटली नाही, उलट वाढली. घरी आई आणि आम्ही तीन भावंडं. गावात तेव्हा काहीजण मोहाच्या दारूत बुडाले होते, काहीजण भगताकडे कोंबडं घेऊन जात होते. आमच्या मंडळीत पाळकसाहेबांनी त्या रविवारी यिर्मया संदेष्ट्यातला उतारा घेतला होता. देव म्हणतो, माझ्या लोकांनी दोन गोष्टी वाईट केल्या. जिवंत पाण्याचा झरा जो मी, त्या मला सोडलं. आणि स्वतःसाठी टाकी खोदली, तीही फुटकी, ज्यांत पाणी राहत नाही.

आमच्याकडे डोंगरात झरे असतात. पोरं हाताने वाळू उकरतात, वाटीभर खड्डा करतात, थोडं थांबलं की पाणी भरतं. आईने घरी येऊन एवढंच विचारलं, "आपली फुटकी टाकी कोणती?" मग तिनेच उत्तर दिलं. उचल. दर वर्षी ती घेतल्यावर घरात पंधरा दिवस आनंद असतो, आणि नंतर वर्षभर ती गळते. वडील परतल्यावर तिने सांगितलं की येत्या साली उचल घ्यायची नाही. खायचं काय, हे तिलाही माहीत नव्हतं. ती रोज पहाटे प्रार्थना करायची आणि नंतर रोजगार हमीच्या कामाला जायची. ते वर्ष आम्ही जवळजवळ नागलीवर काढलं. कठीण गेलं. मी ते गोड करून सांगणार नाही. धाकटी बहीण त्या वर्षी शाळेत गेली नाही, आणि ते नुकसान भरून आलेलं नाही. पण वडील पुन्हा उचलीत अडकले नाहीत.

ताई, तुमच्या विठ्ठलाविषयी मला फार माहीत नाही. तुमच्या आजींचं वाक्य माझ्या आईचं वाटलं.

---

गडाची वाट

सगळं वाचलं. एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण धाग्यात नवस-मानता वाईट असा सूर लागतो की काय अशी शंका आली.

मी शिंदखेडा तालुक्यातला. दर चैत्रात पायी वणीच्या गडावर जातो. सप्तशृंगीला खानदेशातून हजारो लोक चालत जातात. डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेला डांबरी रस्ता, मालेगावच्या पुढे तर सावलीच नाही. मी पहिल्यांदा गेलो तो नवसच फेडायला. मुलगी जन्मली तेव्हा वजन फार कमी होतं, काचेच्या पेटीत ठेवली होती. बायको आत, मी बाहेर पायरीवर. डॉक्टर त्यांचं काम करत होते. माझ्या हातात काहीच नव्हतं. अशा वेळी माणूस बोलतो, आई, हिला वाचव, मी पायी येईन. तो सौदा होता का? मला नाही वाटत. मला काहीतरी करायचं होतं, आणि करण्यासारखं एवढंच होतं.

सौदा तेव्हा होतो जेव्हा मधे कुणी दर सांगतो. माझ्या नवसाला कुणी पावती फाडली नव्हती. मुलगी वाचली नसती तरी मी गेलो असतो का? हा प्रश्न मी चालताना स्वतःला विचारला आहे. पहिल्या वर्षी उत्तर नव्हतं. आज वाटतं, गेलो असतो, रडत गेलो असतो. हे उत्तर यायला सात वर्षं चालावं लागलं.

---

गिरणेची लेक

माहेर भडगाव तालुक्यातलं, आता पुण्यात. वाचताना सारखी कानबाई, आमची खानदेशातली देवी, आठवत होती. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. रोटासाठी, म्हणजे तिच्या प्रसादासाठी, घरातल्या माणसांच्या नावाने गहू मुठीने मोजून घेतात. रात्रभर जागरण, सोमवारी नदीवर निरोप. आणि रोट भाऊबंदांनी एकत्र बसून खायचा. कुणाशी कितीही बिनसलेलं असो, रोटाला बोलवावंच लागतं.

माझ्या वडिलांचं आणि काकांचं विहिरीच्या पाण्यावरून अकरा वर्षं वैर होतं. कोर्टकचेरी झाली. अकरा वर्षं काका रोटाला यायचे, मान खाली घालून खायचे, न बोलता जायचे. आम्हा पोरांना ते फार विचित्र वाटायचं. बाराव्या वर्षी वडिलांना पक्षाघात झाला. त्या रात्री गावातून जीप काढून नाशिकला घेऊन गेले ते काका. नंतर आजी मला म्हणाली, तो वाट विसरला नाही, कारण दर साली एकदा तरी त्याचे पाय या घराला लागत होते.

तापीकाठची ताई, तुमच्या जाऊबाई डबा ओट्यावर ठेवून गेल्या, तो प्रसंग वाचून मी थांबले. पापड कोणी ओट्यावर ठेवत नाही, कुत्री-मांजरी असतात. त्यांना माहीत होतं तुम्ही आत आहात आणि त्या गेल्या की दार उघडाल.

आमच्याकडे दुखात कुणी आलं की आजी पाठीवर हात फिरवायची आणि म्हणायची, "रडू नको वं माय, देव शे ना." आणि म्हणता म्हणता चुलीवर चहा ठेवायची. दोन्ही गोष्टी एकदम.

---

एरंडोलकर

पुन्हा आलो. दोन कामाच्या गोष्टी, कुणी अडचणीत असलेला हा धागा वाचत असेल म्हणून.

एक, रात्री मनात नको ते विचार येत असतील तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. माझ्या वडिलांच्या वेळी हा नव्हता. दोन, बिनपरवाना सावकाराने जमीन किंवा सोनं अडकवलं असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे अर्ज करता येतो. सहकार खात्याचं ऑफिस. लोक लाजेने जात नाहीत.

ताईंच्या मिस्टरांसाठी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला. चांगलं झालं. पण वडिलांवरून सांगतो, दुकान बंद झालं तरी संध्याकाळची ती वेळ तशीच राहते. त्या वेळेला दुसरं काहीतरी धरून ठेवा. वडिलांनी भजनी मंडळात पखवाज धरला. वाजवता येत नव्हता. पाच वर्षं बेताल वाजवत होते आणि मंडळाने त्यांना एकदाही उठ म्हटलं नाही.

---

माती आणि माणूस

ताई, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. माझं मत बदललेलं नाही, पण "चांगली सून दिसायचं होतं" हे वाक्य डोक्यातून जात नाही. माझी आई रोज दुपारी दार लोटून देवघरात अर्धा तास बसते. मी त्यावर तिला बरंच बोललो आहे. ती तिथे काय करते हे मी तिला कधी विचारलं नाही. या रविवारी घरी जातोय, विचारीन.

तक्रारीचं मात्र मनावर घ्या. त्या बाईंचं नाव न येता काय करता येईल ते पाहता येईल. मला व्यक्तिगत निरोप पाठवा.

---

चांगदेव फाटा

महाशिवरात्रीला मुक्ताई-चांगदेवच्या यात्रेत दिंड्या येतील. इथली कुणी मंडळी येणार असतील तर संगमावर मंदिराच्या पायऱ्यांशी भेटू. नवापूरच्या दादांनाही आग्रहाचं बोलावणं. देव तुमचा असो की आमचा, कळण्याची भाकरी आणि भरीत माझ्या घरचं.

---

तापीकाठची

सगळ्यांचं वाचलं. रात्री ह्यांनाही वाचून दाखवलं, एरंडोलकर दादांचं पखवाजाचं तर दोनदा.

गिरणेच्या ताई, तुम्ही लिहिलंत आणि मी जाऊबाईंना फोन करून विचारलं. म्हणाल्या, हो, खिडकीतून तुझी सावली दिसत होती. इतके महिने त्यांनी हे मला सांगितलं नव्हतं.

आमचं चाललंय ते सांगते. ऑक्टोबरात केळीचा कांदेबाग लावला, या वेळी दोनच हजार रोपं. भाऊजींनी आणि आम्ही मिळून पलीकडच्या बांधावर वारा अडवायला शेवरीची ओळ लावली आहे. तरी मोठं वादळ आलं तर ती काही करू शकणार नाही, हे आबांनी लावतानाच सांगितलं. कर्जातले नव्वद हजार गेले, बाकीचे आहेत. ह्यांच्या मोबाईलचा बँकेचा निरोप आता आबांच्या फोनवर येतो, ते त्यांनी स्वतःच करून घेतलं. मधे एकदा, डिसेंबरात, पुन्हा मन गेलं होतं. रात्री मला उठवून सांगितलं. आम्ही दोघं पहाटेपर्यंत ओट्यावर बसलो. थंडी फार होती.

मंगळपोत अजून गहाण आहे. सोडवायला अठरा हजार लागतील. खोटी घालत नाही मी आता, काळ्या मण्यांची साधी सर घालते. लग्नाकार्यात बायका विचारतात, मी सांगते.

महाशिवरात्रीला आम्ही येऊ. आबा म्हणतात तेही येतील, गुडघे चालले तर. आज शेताची लाईट रात्री साडेअकराची आहे, हे आणि भाऊजी दोघं पाणी द्यायला गेलेत. चहा थर्मासमध्ये भरून ठेवला आहे, पोराच्या हाती पाठवते. हरिपाठाच्या आजी चार दिवस दिसल्या नाहीत, ताप आहे म्हणे. आधी त्यांच्याकडे जाऊन येते.